सारवलेल्या अंगणातली पावलं

सिंदीच्या शाळेत बास्केटबॉल शिकवणाऱ्या पंचफुला मॅडम पोरींना पहिल्याच दिवशी विचारत, "अंगण कोण सारवते घरी?" पोरी फिदीफिदी हसत. साल १९८७, निम्म्यांच्या अंगणात फरशी बसली होती. मॅडमना मात्र अकरा वर्षांमागचं सेलूचं अंगण आठवे.

तेव्हा त्या नववीत होत्या. लंगडीत पंचफुलाला जोड नव्हती आणि तेच नडलं. बास्केटकडे धावताना चेंडू हातात घेतला की दोनच पावलं आणि उडी, असा नियम. हिचा उजवा पाय सवयीनं आधी एक लंगडी घाली, मग डावा पडे. झाली तीन पावलं! भैयाजी सर शिट्टी फुंकत.

"पंचफुला, हे लंगडी नाई वो! शनिवारी जमलं तर वर्ध्याले सामन्याले चाल, नाई तर तुह्या जागी अन्नपूर्णा जाईल."

वर्धा तिनं दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा दवाखान्यापायी.

घरी चेंडू कुठला? लुगड्याच्या चिंधीत कापूस कोंबून तिनं गोळा शिवला आणि सकाळी अंगणातल्या निंबाच्या फांदीकडे झेपा घ्यायला लागली. शुक्रवारी घोटाळा झाला. तिच्या मायनं, आनंदाबाईनं, नुकतंच शेणानं सारवलं होतं. पोरगी ओल्यातच धावली.

"अवं, डोये फुटले का तुहे?" माय पोतेरं घेऊन धावली, अन् मधेच थबकली. पऱ्हाटीच्या तासात कुठं कपाशी उगवली नाही ते पाहावं, तशी वाकून पावलं पाहू लागली.

"हा उजवा पाय दोन डाव काऊन ठेवला?"

पंचफुलानं पाहिलं. सर महिनाभर ओरडून सांगत होते ते शेणात स्वच्छ उमटलं होतं.

"नाली कशी वलांडतं तू? पह्यली ढांग लांब, दुसरी आखूड, मंग वर. तसंच कर."

त्या सकाळी आनंदाबाईनं अंगण सात वेळा सारवलं. दर वेळी शिव्या नव्या. सातव्या खेपेला निंबाखाली दोनच पावलं उमटली, उजवं अन् डावं.

शनिवारी भैयाजी सर तोंडात शिट्टी धरूनच उभे राहिले. पंचफुला धावली, उडाली. चेंडू कडीला आपटून बाहेर गेला. शिट्टी काही वाजली नाही.

"गेला न सर बाहेर," ती रडवेली झाली.

"जाऊ दे. हाताचं मी पाहून घेतो. सोमवारी गाडीवर येजो."

वर्ध्याहून ती हरून आली, पण तिच्यावर एकदाही शिट्टी वाजली नव्हती. घरी अंगण नवं सारवलेलं होतं. निंबाखाली मात्र हातभर तुकडा जुनाच, त्यात दोन पावलं.

"माय, हे काऊन सोडलं?"

"शेण सरलं होतं," माय म्हणाली.

मागं गोठ्यात दोन म्हशी रवंथ करत उभ्या होत्या.