दत्तोपंतांचा निर्जळी शुक्रवार

दत्तोपंतांना ऑपरेशनला न्यायला अजून थोडा अवकाश होता. सरोजिनीबाई सकाळीच अंबाबाईचं दर्शन घेऊन हॉस्पिटलात आल्या होत्या. शुक्रवारचा त्यांचा उपवास. नवऱ्यासाठी अंगारा आणला होता, तीर्थ नाही. सात वर्षांपूर्वी त्यांनी आपली एक किडनी त्याला दिली, तेव्हापासून न उकळलेल्या पाण्याचा थेंब त्या त्याला लागू देत नसत.

आता त्याच पोटात प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. बसवलेली किडनी उजवीकडे ओटीपोटात, म्हणजे अगदी वाटेतच, असं डॉक्टर विजयसिंहांनी चित्र काढून समजावलं होतं. रोबोटचे हात जरा वरून, डाव्या अंगानं आत घालायचे, आपण बाजूला बसून ते चालवायचे आणि किडनीला धक्का लागू द्यायचा नाही. सरोजिनीबाईंनी त्यातलं शेवटचं तेवढं जपासारखं धरून ठेवलं होतं.

नर्स वर्षाराणी चादर सारखी करायला आली. उशी उचलली तशी खालून एक गोळी घरंगळली.

“काका, ही सकाळची गोळी हाय की. घेतली म्हणून सांगितलंसा न्हवं?”

सरोजिनीबाईंनी ती लगेच ओळखली. दुसऱ्याची किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून रोज वेळेवर घ्यायची, आजसुद्धा घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दत्तोपंत जन्मभर शाळेत मुलांच्या कॉप्या पकडत आलेले. आज स्वतःच सापडले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

“उपवास धरलाय,” ते अखेर म्हणाले. “निर्जळी. ऑपरेशन होईपर्यंत.”

बायकोच्या साबुदाण्याला देवसुद्धा कंटाळला असेल, अशी थट्टा त्यांनी संसारभर केली होती. सरोजिनीबाईंचे डोळे भरून आले आणि रागही आला.

“कधीपासून हो हे?”

“काल रात्रीपासून. तू एवढं करतेस माझ्यासाठी. म्हटलं, एक दिवस आपणही करावं.”

त्या कधी आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही.

“औषधानं उपवास मोडत नाही, अहो. एवढी वर्षं माझ्याबरोबर राहून हे नाही कळलं? आणि ती किडनी माझी आहे. तिला उपाशी ठेवायचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

वर्षाराणी तोंडाला पदर नव्हता म्हणून हाताची पालथी मूठ लावून हसली आणि डॉक्टरांना विचारून आली. उशीर झाला असला तरी चालेल, आता लगेच द्या, असा निरोप आला. सरोजिनीबाईंनी उकळून गार केलेलं पाणी घोटभर दिलं आणि गोळी गिळेपर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट पार पडलं होतं. कॅन्सरची ग्रंथी निघाली होती आणि किडनीला धक्का लागला नव्हता.

“काम करतेय ना ती?” सरोजिनीबाईंनी विचारलं.

“चला, तुम्हीच बघा.”

खाटेला लघवीची पिशवी टांगलेली होती. नळीतून थेंबामागून थेंब उतरत होता. सोवळ्यात शिवाशीव पाळणाऱ्या सरोजिनीबाई वाकल्या, पिशवीला खालून तळवा लावला. ऊब लागली. मग त्यांनी आधी डॉक्टरांना हात जोडले आणि नंतर, कुणी बघतंय याची पर्वा न करता, त्या पिशवीलाही.

दत्तोपंत अर्धवट गुंगीत होते. ओठ हलले, म्हणून सरोजिनीबाईंनी कान जवळ नेला.

“तू खाल्लंस का काही?” ते विचारत होते.