गणपतीच्या कारखान्यातला झरोका

मी झरोका बोलतोय. पेणला गणपतीच्या कारखान्यात छताच्या जरा खाली, भिंतीतल्या चार विटा काढून कारखान्याचा मालक महिपतीने मला केलं. तापलेली, कोंदट हवा वर चढते, माझ्यातून बाहेर जाते आणि दाराखालच्या फटीतून ताजी हवा आत शिरते. एवढंच माझं काम. त्याचं कौतुक कुणाला नाही. जळमटं लोंबायला लागली की तेवढी माणसांची नजर वर जाते.

कारखान्यात वाऱ्याशी वैरच. ओल्या मूर्तीला थेट वारा लागला की ती तडकते. पण पावसाळ्यात मूर्ती वाळतही नाहीत. मग महिपती दार लोटून कोळशाची शेगडी पेटवायचा. मी उघडा होतो, तोवर निभावलं.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी पाऊस तिरपा झोडपत होता. महिपतीची मुलगी नमिता रोह्याला मावशीकडे गेली होती. तो बायकोला म्हणाला, "मैना, झरोका बुजव गो. वारा लय हाय."

मैनाने स्टुलावर चढून माझ्या तोंडात गोणपाट कोंबलं, दार ओढलं आणि ती स्वयंपाकाला गेली. निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नसतो. आधी ब्रश पडल्याचा आवाज आला, मग महिपती पडल्याचा. तोंडात बोळा असताना मी ओरडणार कसा? नंतर गोणपाट निघालं, पण महिपती उठला नाही.

"त्यांनीच बुजवला," असं मैनाने सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून वारा सुटला की माझ्यातून कण्हल्यासारखा आवाज येतो. मैना हातातलं काम सोडून वर बघते आणि पुटपुटते, "व्हय, ऐकतेय." तो आवाज माझा की महिपतीचा, हे आता मलाही सांगता येत नाही. मला त्या आवाजाची भीती वाटते.

आज तसाच पाऊस आहे. शेगडी पेटवून नमिता गोणपाट घेऊन स्टुलावर चढली.

"नको गो, उतर खाली," मैना म्हणाली.

"मूर्ती तडकतील, आई. बाबांचं लक्ष नव्हतं. मी सावध हाय."

मैनाने स्टूल घट्ट धरलं. "बाबांनी नाय बुजवला. मी बुजवला. ह्याच हातांनी."

नमिताचा हात माझ्या काठावर तसाच राहिला. गोणपाट खाली टाकून ती उतरली आणि तिने दार सताड उघडलं. कोपऱ्यातली एक मूर्ती तडकली, पण दोघींनी तिकडे पाहिलं नाही.

बाबांनो, शेगडी पेटवण्याआधी एकदा वर बघत जा. माझ्याखाली दोघी पाठमोऱ्या बसल्या आहेत. एकमेकींशी बोलत नाहीत, पण दोघींचाही श्वास माझ्यापर्यंत पोचतोय.