भुताची आगाऊ सूचना

लक्ष्मीकांत प्रधानांनी गुजरातेतल्या कोयलीच्या रिफायनरीत एकतीस वर्षं सुरक्षा विभागात काढली. त्या काळात त्यांच्या हद्दीत परवानगीशिवाय कोणी शिंकलंसुद्धा नाही, असं सहकारी म्हणत, आणि म्हणताना हसत. ते हसणं प्रधानांनी कधी मनावर घेतलं नाही. आता निवृत्तीला अकरा वर्षं झाली होती. वाघोडिया रोडवरच्या शिवांजली सोसायटीत, बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या देखरेखीखाली तीनच गोष्टी उरल्या होत्या: गॅस, गीझर आणि पत्नी निरुपमाबाई. पैकी तिसरीवर त्यांचा अंमल चालत नसे.

नाही म्हणायला किल्ल्या होत्या. सोसायटीतली माणसं एकेक करून कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेली आणि जाताना घराची किल्ली प्रधानांकडे देऊन गेली, कारण अख्ख्या सोसायटीत किल्ली घेतल्याची पावती देणारा माणूस हा एकच. दिवाणखान्यात एक फळी होती, तिच्यावर नऊ खिळे, आणि नऊ खिळ्यांवर नऊ संसार लटकत होते.

त्यामुळे नात उत्कर्षा बुधवारी कॉलेजातून आली आणि आल्या आल्या त्या फळीकडे बघत बसली, तेव्हा प्रधानांनी चष्मा पुसून घेतला.

तिला बी-४०४ ची किल्ली हवी होती. रविवारी संध्याकाळपुरती. भुताच्या सिनेमाचं ट्रेलर करायचं होतं, दीड मिनिटाचं. वर्गात पाच गट होते, सोमवारी दहा वाजता पाचही ट्रेलर दाखवायची होती, आणि ज्यांचं सगळ्यात भीतिदायक त्यांना विभागातला एकुलता एक चांगला कॅमेरा सहा महिन्यांसाठी मिळणार होता. ते पुरा सिनेमा करणार, बाकीचे चार गट त्यांच्यामागे वायरी उचलणार. उत्कर्षाच्या डोक्यात हा सिनेमा दोन वर्षं शिजत होता. वडिलांचं, म्हणजे प्रधानांच्या अनीशचं, म्हणणं असं पडलं की वायरी उचलणं हाही अनुभवच आहे. म्हणून ती आजोबांकडे आली होती.

बेत सरळ होता. कुलूपबंद फ्लॅटमध्ये दिवा लागतो. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीच्या जाळीवर एक हात येतो. खालून जाणारा एक माणूस वर बघतो आणि त्याची बोबडी वळते.

"आमचे सर म्हणतात, भीती करून दाखवता येत नाही, पकडावी लागते," उत्कर्षा म्हणाली. "म्हणून माणूस खरा हवा. सुभानराव."

ए विंगमधले सुभानराव रेल्वेत गार्ड होते. रोज संध्याकाळी सव्वासहाला, लख्ख उजेडातही हातात बॅटरी घेऊन, ते बी विंगला वळसा घालत. तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने काढली, भूतबित काही नसतं, हे ते न विचारता सांगत. पकडण्याजोगी भीती सोसायटीत कुणाकडे शिल्लक असेल तर त्यांच्याकडेच, कारण त्यांनी ती कधी वापरलेलीच नव्हती.

"फक्त त्यांना सांगायचं नाही, आजोबा. कुणालाच सांगायचं नाही. एवढं एकच."

प्रधानांनी शब्द दिला. बदल्यात त्यांना व्यवस्थापक हे पद मिळालं. अकरा वर्षांनी पद मिळालं होतं. ते त्यांनी वहीत लिहून तारीख घातली.

गुरुवारपासून काम सुरू झालं. घरमालक मनहरभाई टोरांटोला असतात, त्यांची लेखी परवानगी फोनवर आली. भूत होणार होती मिताली, उत्कर्षाची मैत्रीण. तिने आणलेला पांढरा झगा नायलॉनचा निघाला. दिव्याजवळ नायलॉन चालणार नाही, म्हणून तो परत गेला आणि निरुपमाबाईंची सुती साडी आली. मोकळ्या केसांवरून अर्धा तास वाद झाला. केस बांधलेलं भूत कोणी पाहिलंय का, असं मितालीने विचारलं. प्रधान म्हणाले, भूतच कोणी पाहिलेलं नाही, मग नियम पाळायला काय हरकत आहे. शेवटी केस मोकळे ठेवायचे पण दिव्यापासून चार फूट दूर, अशी तोड निघाली. धुरासाठी मुलांना तो वाफ सोडणारा कोरडा बर्फ हवा होता. बंद खोलीत तो नको म्हणून गुग्गुळाचा धूप ठरला. मग मितालीकडून, मी स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत भूत होत आहे, अशा मजकुरावर सही घेण्यात आली.

कॅमेरा निहारकडे होता. त्याला जाळीचं दार उघडून कठड्यावरून वाकून हाताचं चित्र घ्यायचं होतं. प्रधानांनी माळ्यावरून कंबरेचा पट्टा काढला आणि रविवारी निहारला जाळीला बांधायचं ठरवून शनिवारी सकाळी रंगीत तालीम घेतली. बांधलेला निहार म्हणाला, काका, कॅमेरामन कमी आणि बोकड जास्त वाटतोय. प्रधान म्हणाले, बोकड पडत नाही.

इथवर सगळं यथासांग होतं. घोळ झाला तो शनिवारी दुपारी, जेवणानंतर, प्रधान आडवे झाल्यावर.

झोप लागेना. सुभानरावांच्या हृदयात दोन स्टेंट होते. त्यांनीच ते सगळ्यांना आकड्यासह सांगितलं होतं. आणि आगाऊ सूचना दिल्याशिवाय प्रधानांनी एकतीस वर्षांत एकही कवायत घेतली नव्हती. आगीची नाही, गळतीची नाही. उद्या भुताची घ्यायची होती, पण नियमात भुताला सूट कुठेच नव्हती. इकडे नातीला शब्द दिलेला. त्यांनी कुशी बदलत विचार केला आणि चार वाजता त्यांना तोड सापडली.

शब्द दिला होता तो न सांगण्याचा. सूचना लावणं म्हणजे सांगणं नव्हे. वीस वर्षांच्या अनुभवावरून त्यांना पक्कं ठाऊक होतं की शिवांजलीच्या फलकावरची सूचना कोणीही वाचत नाही. टाकी धुण्याची सूचना आठ दिवस आधी लागते, आणि ठरल्या दिवशी दर मजल्यावरून तोंडाला साबण लावलेली माणसं ओरडतात. सुभानरावांनी तर, इथे सायकल टेकवू नये, या सूचनेलाच सायकल टेकवली होती. तेव्हा सूचना लावली की नियमही राहतो आणि गुपितही राहतं.

सूचना गुजरातीत हवी. प्रधान गुजराती बोलत ते थेट काठियावाडी माणसालाही घरचं वाटे, पण लिहायला बसले की हात आपसूक गुजराती अक्षरांवरही मराठीतली रेघ ओढी. म्हणून त्यांनी फलकावर उरलेला एकमेव जुना कागद नमुना म्हणून काढला आणि नाक्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेला. मजकूर बदल, बाकी मांडणी हीच ठेव, असं सांगितलं. कॉम्प्युटरवाल्याने काही विचारलं नाही. छापणारा माणूस वाचत नसतो.

तो जुना कागद सी विंगमधल्या एका गृहस्थांच्या बेसण्याचा होता. बेसणं म्हणजे कुणी गेल्यावर आपल्याकडे भेटायला जातात तेच, पण गुजरातेत त्याची वेळ बांधलेली असते. पाच ते सात. पांढरे कपडे घालून यायचं, ओळीने खुर्च्यांवर बसायचं, समोर हार घातलेला फोटो असतो त्याच्याकडे बघत गप्प राहायचं, हात जोडायचे आणि निघायचं. चाळीस वर्षांत प्रधान अशा शंभरएक बेसण्यांना जाऊन आले असतील.

नव्या कागदावर मजकूर आला तो असा: रविवार, सायंकाळी ५ ते ७. स्थळ: बी विंगसमोरील पटांगण. फ्लॅट नं. ४०४ मध्ये भूत दिसेल. रहिवाशांनी घाबरू नये. व्यवस्थापक. भोवती काळी चौकट होती, आणि खाली जोडलेले दोन हात, ते कॉम्प्युटरवाल्याने सवयीने तसेच ठेवले. प्रधानांनी कागद लावला, कोपऱ्यात सही केली आणि घरी येऊन गाढ झोपले.

एक गोष्ट त्यांच्या हिशेबातून सुटली. टाकीची सूचना कोणी वाचत नाही हे खरं. पण काळी चौकट दिसली की सगळेच थांबतात. पुरतं वाचत नाहीत, वार, वेळ आणि फ्लॅटचा नंबर तेवढा बघतात.

रविवारी पाचच्या सुमाराला प्रधान निहारला चौथ्या मजल्यावर बांधून खाली आले, तर पटांगणात खुर्च्या लागलेल्या. अर्धी मंडळी पांढऱ्या कपड्यांत होती. उरलेल्या अर्ध्यांनी सूचना शेवटपर्यंत वाचली होती, ते लिलो चेवडा, म्हणजे तिकडचा बटाट्याचा ओला चेवडा, घेऊन आले होते. पोरांना पुढची जागा मिळावी म्हणून भांडणं चालली होती. पहिल्या मजल्यावरच्या हसुमतीबेन पदर सारखा करत निरुपमाबाईंजवळ आल्या आणि हळूच विचारत्या झाल्या, "मनहरभाई गया के, भाभी?"

त्याच वेळी निरुपमाबाईंच्या हातातला फोन वाजला. टोरांटोहून खुद्द मनहरभाई होते. तिकडे नुकतं उजाडलं होतं आणि दात घासायच्या आधी त्यांना स्वतःच्या निधनाबद्दल अकरा जणांनी धीर दिला होता. निरुपमाबाईंनी त्यांना, तुम्ही आहात, काळजी करू नका, असं सांगितलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्या नजरेचा अर्थ प्रधानांना पाठ होता.

पहिल्या रांगेत, मधोमध, इस्त्रीचा सदरा घालून आणि केस काळे करून सुभानराव बसले होते. बॅटरी मांडीवर होती. प्रधानांना बघून त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"लक्ष्मीकांतराव, मी कसं घाबरायचंय? बसून की चालता चालता?"

उत्कर्षा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिने पटांगण पाहिलं, फलकावरचा कागद पाहिला, कोपऱ्यातली सही पाहिली.

"आजोबा, मी एकच गोष्ट सांगू नका म्हटलं होतं."

"मी सांगितलं नाही," प्रधान म्हणाले. "लावलं."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "ठीक आहे. उद्यापासून वायरी उचलते." एकतीस वर्षांत प्रधानांच्या हद्दीत अपघात झाला नव्हता. हा पहिला होता, आणि अहवाल कुणाला द्यायचा तेही कळेना.

त्यांनी ठरवलं, निदान उजेड आहे तोवर मंडळींना घरी पाठवावं. मग एखाद्या मित्राला घाबरायला उभं करता येईल, कसं का होईना. पण जमलेला जमाव मोजल्याशिवाय पांगवायचा नाही, हा त्यांच्या खात्याचा पहिला धडा. त्यांनी गळ्यातली शिट्टी फुंकली आणि सगळ्यांना ओळीत बसवलं. मोजू लागले तर गोंगाटात आकडा चुके. दुसऱ्यांदा चुकला, तेव्हा ते गुजरातीत म्हणाले, कृपा करून दोन मिनिटं मौन.

दोन मिनिटं मौन म्हटल्यावर पांढऱ्या कपड्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. हात जोडले गेले, पाठी ताठ झाल्या. ते बघून चेवड्याच्या डब्यांची झाकणंही लागली. आता बेसण्यात नजर टेकवायला समोर फोटो असतो. इथे फोटो नव्हता. डोळ्यांना काही जागा हवी म्हणून हसुमतीबेननी वर, ज्याच्या नावाने जमलो त्या फ्लॅटकडे पाहिलं. मग शेजारणीने पाहिलं. मग सगळ्यांनी. प्रधान मात्र रांगांमधून बोट पुढे करत, ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत, एकेका माणसावरून सावकाश पुढे सरकत राहिले.

चौथ्या मजल्यावर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गुग्गुळ पेटला होता, मिताली साडीत केस विंचरत होती, निहार कॅमेरा चालू करून बघत होता, आणि दोघं खालच्या खुणेची वाट बघत होते. खाली गलका आहे, म्हणजे नेहमीचा रविवार आहे, असं त्यांनी धरलं होतं. तो गलका एकदम थांबला. निहार कॅमेरा चालू ठेवून जाळीतून वाकला.

खाली माणसं ओळीने बसली होती, हात जोडून, आणि सगळी त्याच्याकडे बघत होती. हलत कोणीच नव्हतं. फक्त एक म्हातारा त्यांना मोजत होता.

निहारने मागे सरायला पाय उचलला. पट्ट्याने त्याला सोडलं नाही. तेवढ्यात मिताली बघायला आली. तिने जाळीवर हात ठेवला, खाली पाहिलं आणि जे विचारलं ते ट्रेलरच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"निहार, हे लोक माझ्याकडे का बघतायत?"

त्र्याऐंशी, असा आकडा खाली लागला आणि मौन सुटलं. मंडळी उठली. सुभानरावांनी जाताना, वर दोन पोरं दिसली, भूत काही आलं नाही बुवा, असं जरा तक्रारीच्या सुरात सांगितलं.

निहार खाली आला तेव्हा पट्टा अजून कंबरेलाच होता. त्याने कॅमेरा उत्कर्षाच्या हातात दिला. तिने ते चित्रण एकदा पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. चित्र थोडं थरथरत होतं, आणि थरथर कुणी केलेली नव्हती. तिसऱ्यांदा बघून ती उठली, फलकावरचा कागद अलगद काढला आणि आजोबांपुढे धरला.

"हे वाचा. लिहिलंय तसंच. काही जास्त करू नका."

प्रधानांना जास्त काही करता येतच नव्हतं. त्यांनी तो मजकूर टाकी धुण्याचा असावा तसा वाचला.

सोमवारी वर्गात दिसलं ते असं: बंद घरात एक मुलगी केस विंचरतेय. धूप जळतोय. खालचा गलका एकाएकी थांबतो. खाली ओळीने माणसं, हात जोडून, वर बघत. ती जाळीपाशी जाते, बघते, विचारते. अंधार होतो आणि एक म्हातारा आवाज शांतपणे म्हणतो, रहिवाशांनी घाबरू नये. सरांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि लावण्याआधी कुणीतरी दिवा लावा म्हणाले.

संध्याकाळी विभागाचा कॅमेरा घरी आला. प्रधानांनी तो तपासून घेतला, भिंगाचं एक झाकण कमी असल्याची वहीत नोंद केली, आणि पावती दिली. उत्कर्षाने ती पाकिटात जपून ठेवली.

मग तिने सुभानरावांना, हौस म्हणून, ट्रेलर फोनवर दाखवलं. पहिल्या रांगेत मधोमध स्वतःला वर बघत बसलेलं त्यांनी पाहिलं, हात जोडलेले, पापणी न हलवता. फोन परत देऊन, छान आहे, म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते ए विंगलाच वळसे घालतात. कुणी विचारलं तर सांगतात, इकडे वारा बरा असतो.