पुरेसा धोका

विद्यार्थ्याने टेबलावरची पुस्तकं बाजूला सारून नकाशा पसरला, एका कोपऱ्यावर चष्म्याचं घर आणि दुसऱ्यावर चहाचा कप ठेवला, आणि दक्षिणेच्या उतारावरचा फिकट चौकोन बोटाने दाखवला. त्याच क्षणी प्राध्यापकांना वरच्या वाडीच्या आक्काचं पत्र आठवलं. ते येऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्याला त्यांनी उत्तर पाठवलं नव्हतं.

"वरची वाडी सूत्रात बसली, सर," विद्यार्थी म्हणाला. "या खेपेला कुणी आडवं येऊ शकत नाही."

विद्यार्थी आता वनखात्यात मोठ्या हुद्द्यावर होता आणि कानापाशी त्याचे केस पिकले होते, पण या घरात आला की अजूनही खुर्चीच्या कडेवर टेकायचा.

रान राखणाऱ्या गावांना मोबदला देण्याची योजना त्याच्या खात्याची होती. मोबदला कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे ठरवणारं सूत्र प्राध्यापकांचं. निवृत्तीच्या तोंडावर त्यांनी ते बांधलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लिहिलेलं काही ग्रंथालयाच्या बाहेर पडलं. विचार साधा होता. पैसा थोडा, रान फार. जिथे कुऱ्हाड चालू आहे तिथे पैसा दिला तर ती थांबेल आणि काहीतरी वाचेल. जिथे ती चालतच नाही तिथे देऊन वाचणार काय? ते रान तसंही उभं राहणार. म्हणून आधी धोका मोजायचा, आणि तो मोजायचा मागच्या काही वर्षांत रान किती घटलं त्यावरून. बैठकीत कुणी हरकत घेतली नाही. प्राध्यापकांनी आपल्याच सूत्रावरच्या दोनतीन शंका कागदावर लिहून नेल्या होत्या. पण अध्यक्षांनी टाळ्या सुरू केल्यावर तो कागद खिशातून काढणं त्यांच्याच्याने झालं नाही.

आक्का वरच्या वाडीच्या वनसमितीची प्रमुख. सूत्राच्याही आधी एका उन्हाळ्यात प्राध्यापक झाडांचे घेर मोजायला गेले तेव्हा तिच्याच घरी उतरले होते. टेप घेऊन त्यांना बुंध्याभोवती फिरताना पाहून तिने गावभर सांगितलं होतं, शिंपी आलाय, झाडांना सदरे शिवणार आहे. पोरं त्यांना तोंडावर शिंपीमामा म्हणायची. प्राध्यापकांना ते इतकं आवडलं होतं की घरी आल्यावर त्यांनी बायकोला दोनदा सांगितलं.

तिचं पत्र एका पानाचं होतं. खालच्या वाडीने अर्धं रान विकून खाल्लं, तर त्यांना आता उरलेलं राखायचे पैसे मिळतात. त्यातून त्यांनी दवाखाना उभा केला. आम्ही तीस वर्षं पाळीपाळीने पहारा केला, चुलीलाही वाळकंच वापरलं, तर आम्हाला कळवलं की तुमच्या रानाला पुरेसा धोका नाही. सूत्र तुम्ही बांधलंय असं ऐकते. तर आम्ही थोडं तोडावं का? पोरं माझं ऐकेनाशी झाली आहेत. लांबलचक लिहू नका, हो किंवा नाही एवढंच कळवा.

प्राध्यापकांनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं होतं. एका शब्दाचं: नाही. मग वाटलं, दवाखाना नसलेल्या गावाला नुसतं नाही म्हणणारे आपण कोण? निदान कारण द्यावं. कारण लिहायला बसले तर सात पानं झाली, आणि सातव्या पानावर त्यांच्या ध्यानात आलं की सूत्र सरळ मांडत गेलं तर उत्तर ‘हो’ येतं. त्यांनी पानं फाडली. आधी सूत्र दुरुस्त करावं, मग उत्तर लिहावं, असं ठरवलं. खात्याला पाठवायच्या दुरुस्तीचे चार खर्डे केले. प्रत्येकात दुसरंच काहीतरी निसटत होतं. मग इतका उशीर झाला की उशिराबद्दल काय लिहावं हाच एक प्रश्न होऊन बसला.

"यांना दूधवाल्याला ‘उद्या नको’ सांगायला आठवडा लागतो," बायको विद्यार्थ्यापुढे बिस्किटांची बशी ठेवत म्हणाली. "आम्ही तोवर दूध पीत बसतो."

विद्यार्थी हसला. मग नकाशावर वाकून त्याने सांगितलं की वाडीने गेल्या वर्षीही तोडलं होतं, पण विरळ. वाकडी, पोकळ, दाटीत गुदमरलेली, इथलं एक तिथलं एक. रानाची काळजी असलेला माणूस तोडतो तसं. उपग्रहाच्या चित्रात वरून पानांचं छत जसंच्या तसं दिसलं. घट शून्य. अर्ज दुसऱ्यांदा परत गेला.

"मग कुणीतरी त्यांना सांगितलं असणार," तो म्हणाला. "चित्रात दिसायचं तर सलग मोकळं करावं लागतं."

कुणी सांगितलं असेल, हे प्राध्यापकांनी विचारलं नाही. विद्यार्थ्याने कपाखालचा कोपरा उगाच सरळ केला.

त्याने पिशवीतून दोन छापील प्रती काढल्या. एकदा परत गेलेला अर्ज मंजूर करायचा तर सूत्रकाराची सही लागते. कुणी गैरफायदा घेऊ नये म्हणून हा नियम प्राध्यापकांनीच आग्रहाने घालून घेतला होता. एक प्रत खात्याला, एक अर्जदाराला. अर्जदाराची प्रत सूत्रकाराने स्वतःच टपालाने पाठवायची, हेही त्यांचंच. ‘सदर रानास पुरेसा धोका असल्याचे प्रमाणित करण्यात येते’ या ओळीखाली धोक्याच्या कारणाचे चार चौकोन होते: आग, अतिक्रमण, बाहेरचे ठेकेदार, स्थानिक रहिवासी.

प्राध्यापक बराच वेळ त्या चार कारणांवरून बोट फिरवत राहिले. यात न बसणारं काही लिहिता येईल का, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"पाचवा चौकोन नाही, सर. आणि रिकामं सोडलं तर परत येणार. पुढची फेरी एकदम पुढच्या वर्षी." पिशवी बंद करत तो म्हणाला, "तुम्ही सही केली नाही तर मी समजू शकतो. पण झाडं तर गेलीच ना आता."

खात्याची प्रत उद्या न्यायला येतो म्हणून तो निघाला. नकाशा मात्र टेबलावरच ठेवून गेला.

दुपारभर प्राध्यापकांनी फोन उचलला आणि खाली ठेवला. शेवटी बायकोनेच नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

"आक्का, मी बोलतोय," ते म्हणाले.

मग ती म्हणाली, "शिंपी का?"

तिने आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, मग बायकोची. आवाज तसाच होता, फक्त दम लागल्यासारखा. प्राध्यापकांनी पत्राबद्दल बोलायला सुरुवात केली. कामं होती, नाही, कामं नव्हती, खरं म्हणजे सूत्रातच एक अडचण होती, ती आधी... एकही वाक्य पुरं होत नव्हतं. तिने त्यांना बरंच बोलू दिलं.

"राहू द्या, सर. उत्तर आलं नाही, पण आम्ही समजलो."

"काय समजलात?"

"नाही म्हणायचं असतं तर तुम्ही लगेच कळवलं असतंत. नाही म्हणायला का कुणाला एवढा वेळ लागतो? पोरांनाही मी तेच सांगितलं. म्हटलं, सर भले आहेत, हो लिहून द्यायला संकोचतायत."

प्राध्यापक उभे होते, ते खुर्चीचा हात चाचपत बसले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. ‘नाही’ हाच शब्द त्यांनी आधी लिहिला होता, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण आता ते कुणाला सांगायचं आणि कशासाठी, हे न कळून तसंच मिटलं.

आक्का पुढे बोलतच होती. उतार मोकळा झाल्यापासून ओढ्याला गढूळ पाणी येतं, ते निवळायला ठेवावं लागतं. एवढं करूनही मंजुरी आली नाही तर, म्हणून पोरांनी शेजारच्या उतारावर दुसऱ्या चौकोनासाठी दोऱ्या बांधून ठेवल्या आहेत. ती रोज तिकडे जाऊन बसते. तिला कुणी उलट बोलत नाही, पण दोऱ्याही सोडत नाही.

"कागद हातात पडला की सोडतो म्हणालेत," ती म्हणाली. "तेवढं बघा."

"आक्का, त्यात कारण लिहावं लागतं." त्यांनी छापील प्रत पुढे ओढली. "रानाला धोका गावातल्या लोकांचाच आहे, असं मला लिहून द्यावं लागेल. सहीनिशी."

पलीकडून लगेच उत्तर आलं.

"लिहा ना. आता थोडंच खोटं आहे ते?"

फोन ठेवल्यावर बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिने नेहमीसारखं काही टोचून म्हटलं नाही. टेबलावरचा नकाशा गुंडाळून कपाटाशी उभा केला आणि पेन शोधून दिलं.

प्राध्यापकांनी दोन्ही प्रतींवर चौथ्या चौकोनात खूण केली. सही अडखळेल असं त्यांना वाटलं होतं. ती नेहमीसारखीच सरळ उमटली, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. मग त्यांनी कोरा कागद पुढे ओढून वर ‘प्रिय आक्का’ असं लिहिलं. चार ओळी तरी लिहाव्यात. क्षमा मागावी, सूत्र बदलण्यासाठी पुन्हा प्रयत्न करतो असं कळवावं. पण कुठलंही वाक्य मनात धरलं की शेजारच्या छापील कागदाकडे नजर जायची, आणि त्यानंतर म्हणण्यासारखं काही उरायचं नाही. त्यांनी कोरा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि अर्जदाराची प्रत घडी घालून पाकिटात सरकवली.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीमागच्या कारकुनाने पाकीट काट्यावर ठेवलं आणि वर न पाहता विचारलं,

"आत काय आहे? कागदपत्रं की पत्र? दर वेगळा पडतो."

प्राध्यापकांनी काट्यावरच्या पाकिटाकडे पाहिलं. मागे एक बाई पार्सल घेऊन येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांना घाई करणं भाग पडलं.

"पत्र," ते म्हणाले. आवाज नीट फुटला नाही असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं, "पत्र आहे. एका पत्राचं उत्तर."

कारकुनाला एवढं नको होतं. त्याने शिक्का मारला, पाकीट मागच्या पोत्यात टाकलं आणि पार्सलवाल्या बाईला पुढे बोलावलं.