नागूबाईच्या पायाचं तेज

चिंताकी गावच्या नागूबाईला सिद्धी मिळाली, हे नागूबाईच्या आधी शेजारच्या मडिवाळप्पाला कळलं. पहाटे तो बैल मागायला आला, तर ओसरीवर तुरीच्या पोत्याला टेकून नागूबाई ताठ बसलेली. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मडिवाळप्पा जन्मात कुणापुढं वाकला नव्हता, त्या दिवशी वाकला. पाय धरून उठतो तर काय, त्याची बोटं तिच्या पायावर उमटलेली. चांगले खड्डे. चहा होईपर्यंत तसेच.

"अक्काच्या पायानं माझी भक्ती धरून ठिवली," असं त्यानं दुपारपर्यंत गावभर केलं.

मग रांग लागली. ज्याचा खड्डा जास्त वेळ टिकला त्याची भक्ती पक्की. सोसायटीच्या चेअरमनचा खड्डा लगेच बुजला, तेव्हापासून गाव त्याच्याशी जरा जपूनच बोलू लागलं. नैवेद्याला पापड, कुरडया, खारातल्या मिरच्या यायच्या, आणि भक्ताचं मन मोडू नये म्हणून नागूबाई सगळं खायची. तिचा मुलगा बालाजी दारात उभा राहून चपला ओळीनं लावून घ्यायचा.

खरं काय ते एकट्या सुनेला, ज्योतीला ठाऊक होतं. आडवं झालं की आत्याबाईंचा जीव कोंडायचा, विहिरीत बुडाल्यासारखं व्हायचं. म्हणून त्या रात्र बसून काढायच्या. ओठ हलायचे ते नामासाठी नव्हे, श्वासासाठी. ज्योतीनं दवाखान्याचं नाव काढलं, तेव्हा नागूबाईनं तिचा हात धरला.

"जन्मभर शेण काढलं, कुणी बस म्हणलं न्हाई. आता लोकं माझ्यापुढं चपला काढायलेत. ऱ्हाऊ दे की गं थोडे दिवस. तुला माझी आण हाय."

आणेपुढं ज्योतीचं काही चाललं नाही. माणूस आण मोडतं तेव्हा ज्याची आण घेतली ते मरतं, एवढं तिला लहानपणापासून माहीत होतं.

एका दुपारी ऐन आरतीत नागूबाईचे ओठ निळे पडले. गावाला वाटलं समाधी लागली. दोघं तर शंख आणायला पळाले. ज्योतीनं जीप बोलावली. बालाजी बसला, मागं मडिवाळप्पाही चढला.

बिदरच्या दवाखान्यात, इमर्जन्सीमध्ये, सुकन्या नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं ऑक्सिजन लावला, छातीला नळी लावून ऐकलं. छातीत शिट्ट्या वाजत होत्या.

"दमा आहे का यांना?"

"व्हय, दमाच," बालाजी म्हणाला. घरात कुणालाही धाप लागली की दमाच, असा त्यांचा वंशपरंपरागत समज होता. "सलाईन लावा की, म्याडम. कामून थांबलाव?"

नर्सनं बाटली टांगली. सुकन्यानं हात आडवा केला. "थांबा. शिट्टी दम्याचीही असते आणि थकलेल्या हृदयाचीही. हृदय थकलं असेल तर हेच सलाईन जिवावर बेतेल. रात्री झोपतात कशा ह्या?"

"झोपत न्हाई आई. व्रत हाय."

"पायांवर सूज?"

"सूज न्हाई ती," बालाजी गंभीरपणे म्हणाला, "तेज हाय." पाय हळदकुंकवानं माखून शालीत गुंडाळलेले होते आणि शालीला हात लागू नये म्हणून तो पायथ्याशीच उभा होता.

मास्कच्या वरून नागूबाईचे डोळे ज्योतीकडं लागले होते. नागूबाईनं मान हलवली. नको. ज्योतीनं हिशेब करून पाहिला. आण मोडली तर आत्याबाई मरणार, पाळली तरी मरणार. त्यातल्या त्यात कमी खात्रीचं मरण तिनं निवडलं आणि शाल ओढली.

"व्रत बित काही न्हाई, म्याडम. आडवं झालं की ह्यांना श्वासच घेता येत न्हाई. न्हाणीपस्तोर चाललं तरी वाटंत बसतेत. जोडवी शिरत न्हाईत म्हणून मीच काढून ठिवलीत."

"ज्योती, गप बस," बालाजी म्हणाला. "लोकं काय म्हणतील?"

"लोकं तेराव्याला जेवायलाबी येतील. त्यांचं काय घिऊन बसलाव?"

सुकन्यानं नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला. सगळे बघत राहिले, खड्डा तसाच. दारातून मडिवाळप्पानं हात जोडले. "म्याडमचीबी भक्ती हाय."

बाटली खाली उतरली. पलंगाची डोक्याकडची बाजू वर झाली, छातीवर तारा लागल्या, मशीन फिरलं, अंगातलं पाणी लघवीवाटे उतरवायचं इंजेक्शन गेलं.

"हृदयाला रक्त पुढं ढकलणं झेपत नाही," सुकन्या ज्योतीला म्हणाली. "पाणी मागं साठतंय, पायांत आणि फुप्फुसांत. वेळेवर बोललात."

संध्याकाळपर्यंत लघवीची पिशवी भरत राहिली. बालाजी तिच्याकडं बघत उभा होता. आईची सगळी कीर्ती थेंबाथेंबानं त्या पिशवीत उतरत होती. मग उशीवर मान टाकून नागूबाई झोपली, घोरलीसुद्धा. आण अजून लागू पडेल म्हणून ज्योती तिच्या नाकाशी हात धरून बसली.

गावी परतल्यावर मडिवाळप्पा आला. वाकला. काही उमटलं नाही. पुन्हा दाबलं. "आपलंच काही चुकलं असंल, अक्का," म्हणत तो निघून गेला. हळूहळू दारातल्या चपला कमी झाल्या. पापड, खार बंद झाले, गोळ्या आल्या. रोज सकाळी नडगी दाबून बघायची आणि खड्डा राहिला तर त्याच दिवशी गाडी करून यायचं, असं सुकन्यानं बजावलं होतं.

म्हणून आता रोज उजाडलं की ज्योती एकटीच नागूबाईच्या पायाशी वाकते. बोट दाबते, उचलते, बघत राहते.

"उमटलं का गं?"

"न्हाई, आत्याबाई."

"बरं झालं," नागूबाई म्हणते. पाय मात्र मागं घेत नाही. जरा वेळानं विचारते, "नीट दाबलीस का पण?"

ज्योती पुन्हा वाकते.