बांबू झिंगतो तो दिवस

तीन वर्षं अबोला धरलेला शेजारी बांबू घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा किनुएच्या मनात पहिला प्रश्न आला, याला हवंय काय?

तामेओनं गवती चटईत मुळांसकट गुंडाळलेले तीन बांबू भिंतीला टेकवले. "आज जुन्या पंचांगातली पाचव्या महिन्याची तेरावी, किनुएसान. बांबू आज झिंगलेला असतो. हलवलं तरी त्याला कळत नाही. आजच लावा."

"बांबूला चढलीय, की तुम्हाला?" किनुए म्हणाली.

अबोल्याचं कारण साधं होतं. तामेओच्या पत्र्याच्या छपरावरचा बर्फ एका फेब्रुवारीत धाडकन तिच्या अंगणात उतरला आणि लोणच्याच्या मुळ्यांना धुरी द्यायची तिची खोपटी आडवी झाली. आकितातली माणसं एकमेकांचं बरंच काही विसरतात, पण आपल्या अंगणात आलेला दुसऱ्याचा बर्फ विसरत नाहीत.

बांबू तिला हवा होता, हे मात्र खरं. वायव्येचा जुना देवदार वादळात पडल्यापासून हिमवारा निम्मा तरी थेट भिंतीवर यायचा. गेल्या हिवाळ्यात दोन फळ्या निखळल्या आणि सेंदाई शहरात राहणारा तिचा मुलगा म्हणाला, "आई, आणखी एक फळी गेली की तू माझ्याकडे. वाद नको." म्हणजे सातव्या मजल्यावर. त्या सातव्या मजल्याची तिला खरोखर धास्ती होती.

"मी दुकानातून मोसो बांबू आणणारेय," ती म्हणाली. "चांगला जाडजूड असतो."

"मोसो नुसता दिसायला पैलवान. ओला बर्फ बसला की मोडतो. हा हाचिकू. वाकून जमिनीला टेकेल, पण बर्फ वितळला की उठेल. दाट लावा. माझ्या घराच्या बाजूनंही."

"तिकडे कशाला? तिकडे तुमचं घर आहे की वारा अडवायला."

तामेओ आपल्या छपराकडे बघत राहिला. "तरी लावा."

"आणि मुळं माझ्या घराखाली शिरली म्हणजे?"

"मधे पत्रा पुरायचा. मी देतो."

"कुठला पत्रा?"

"आहे," एवढंच म्हणून तो गेला.

यात कुणालाही पाणी मुरताना दिसलं असतं. किनुएला तर पूरच दिसला. हाचिकूची मुळं धावतात. दहा वर्षांत कोंब घरातल्या चटया फोडून वर येणार, ती घर सोडणार आणि जागा स्वस्तात कोण घेणार? शिवाय हाचिकू शंभर-सव्वाशे वर्षांनी फुलतो आणि फुलला की अख्खं बेट मरतं. चष्मा लावून तिनं पेरं न् पेरं तपासलं. तुरा कुठेच नव्हता. म्हणजे जास्तच हुशारीनं निवडलाय, असं तिनं ठरवलं. संशयाचं असंच असतं, त्याला पुरावा मिळाला तरी चालतो आणि नाही मिळाला तरी चालतो.

तिनं बांबू लावले नाहीत. फेकवेनातही. घरामागच्या सावलीत टाकले आणि चटईवर रोज भांडंभर पाणी ओतत राहिली. भेट आलेलं झाड वाळलं तर गाव बोलतं.

चौथ्या दिवशी दोन माणसं टेप घेऊन तामेओच्या अंगणात मोजमाप करू लागली. किनुएनं पडद्याआडून सगळं पाहिलं. संध्याकाळी जाऊन हद्दीचा दगड सरकला नाही ना, ते खराट्याच्या दांड्यानं मोजून आली. दगड जागेवरच होता. तरी तिला नीट झोप लागली नाही.

बाराव्या दिवशी सकाळी खडखडाट ऐकून ती बाहेर आली. तामेओच्या छपराचे पत्रे उतरत होते. तो स्वतः एकेक पत्रा आणून तिच्या कुंपणाशी रचत होता.

"हे काय चाललंय?"

"घर पाडतोय. उद्या मुलगी न्यायला येतेय, चिबाला. रिकामं ठेवलं तर दोन हिवाळ्यांत बर्फाखाली बसेल, आणि तेही तुमच्या अंगणात." तो हसला. "हे पत्रे चांगले दोन हात खोल पुरा. बांबू धरले ना?"

छप्पर गेलं तिथून पलीकडचे डोंगर दिसत होते. उरलेला निम्मा वारा तिथूनच यायचा; आजवर तो या घरानं अडवला होता.

"आधी सांगायचं होतंत," किनुए म्हणाली.

"तुम्हाला खरं वाटलं असतं?"

तिला स्वतःची लाज वाटली. "धरले," ती खोटंच बोलली आणि घरामागे धावली.

दोन बांबूंची पानं वळून सुरळ्या झाली होती. तिसऱ्याच्या मुळाशी मात्र एक कोंब अजून टणक होता. तिनं कुदळ घेतली आणि तामेओच्या घराच्या बाजूला खणायला लागली. तेरावी होऊन बारा दिवस झाले होते, बांबूची झिंग कधीच उतरली असणार. म्हणून तिन्ही बांबू खड्ड्यांत उभे करून ती आत गेली, वारलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढची साकेची, तांदळाच्या दारूची बाटली घेऊन आली आणि मुळांवर ओतू लागली.

"घ्या," ती पुटपुटली. "तुम्हाला काही कळलेलं नाही."

मान वर केली तर कुंपणापलीकडे तामेओ पत्रा धरून उभा होता. त्यानं सुकलेली पानं पाहिली, बाटली पाहिली.

"सगळी ओतू नका," तो म्हणाला. "उद्या मलाही हलवणार आहेत."

किनुए पेला आणायला आत गेली.