दिवा धरणारी कुसाबाई

नाशिकला आलेला माणूस रामकुंडात बुडी मारतो, काळ्या रामापुढे हात जोडतो आणि सीतागुंफेत उतरल्याशिवाय काही परत जात नाही. कुसाबाईने आपल्या सुडाची सगळी भिस्त एवढ्या एका गोष्टीवर ठेवली होती.

तिचा नवरा बहिरू येवल्याचा पैठणी विणकर. वाल्मीकशेठने रेशीम आणि सोन्याची जर तोलून द्यायची, बहिरूने पैठणी विणून द्यायची, असा रिवाज होता. एकदा विणून दिलेल्या पैठणीत जर तोळाभर कमी भरली. शेठने साऱ्या पेठेत सांगितलं, ‘बहिरूने चोरली.’ चोर ठरलेल्या विणकराला येवल्यात कोणी रेशमाचा धागाही देत नसे. बहिरूचा माग बंद पडला आणि दोन वर्षांत बहिरूही गेला. मग कुसाबाई पंचवटीत आली आणि यात्रेकरूंना गुंफेत दिवा दाखवायचं काम तिने मागून घेतलं. चार वर्षं ती येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड निरखत होती.

एकोणीसशे चौतीसच्या माघात तो आला. बरोबर बायको, व्याही आणि पेठेतले चार व्यापारी. बाकीचे दर्शन घेऊन वर आले, पण शेठचा देह मोठा. तो गुंफेच्या तोंडाशीच घुटमळत राहिला.

“एवढ्या लांब आलात, नि सीतामाईला न भेटता जाणार व्हय?” कुसाबाई म्हणाली. विणकरांच्या बायकांकडे शेठने कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्याने तिला ओळखलं नाही.

“पोट आत घ्या म्हणजे झालं,” व्याही हसले.

“हे पोट तुमच्याच पाहुणचाराचं, व्याहीबुवा,” म्हणत शेठ खाली बसला.

गुंफेत चालत जाता येत नाही. बसायचं, पाय पुढे टाकायचे आणि अंग चोरून घसरत जायचं. कुसाबाई दिवा घेऊन पुढे, शेठ मागे. आतल्या मूर्तींपाशी पोचल्यावर तिने काडीने वात तेलात बुडवली. दिवा तोंडाने फुंकायचा नसतो, हे ती तेव्हाही विसरली नाही.

“बाई, दिवा गेला.”

“गेला नाय. मी शांत केला. येवल्यात ज्याला खोटं चोर ठरवलंत, त्याचं नाव घ्या. मोठ्यानं.”

आत बोललेलं वर तोंडाशी स्पष्ट ऐकू येतं, हे तिला रोजच्या सरावाने ठाऊक होतं.

“कोण तू?” शेठ वळायला गेला आणि त्याचा खांदा दगडात अडकला. तो जितकी धडपड करी तितका जास्तच रुते. त्याला धाप लागली. “दिवा लाव, माझे आई.”

“नाव.”

“सावळीराम,” शेठ कण्हला. “त्याची जर मीच मालेगावात विकली.”

काडी ओढायला निघालेली कुसाबाई थांबली. तिला हे नाव अपेक्षित नव्हतं. सावळीराम तिच्या शेजारचाच, बहिरूच्या वर्षभर आधी चोर ठरलेला. तेव्हा कुसाबाईनेही ते खरं धरलं होतं आणि त्याच्या बायकोशी, पुतळाबाईशी, पाणवठ्यावर बोलणं टाकलं होतं.

“आणखी?”

“कादर.”

“आणखी?”

“बहिरू. त्याची जर मी वजनातच मारली. त्यानं काय चोरलं नव्हतं.”

“परत.”

“बहिरूनं चोरी केली नव्हती!”

तिने काडी ओढली. घामाने आणि डोळ्यांतल्या पाण्याने भिजलेलं ते तोंड तिने चार वर्षं मनात पाहिलं होतं. आता ती ते पोटभर पाहत राहिली. मग त्याचा खांदा सोडवून तिने वाट दाखवली.

वर त्याला हात द्यायला कोणी पुढे झालं नाही. व्याही वहाणा चढवत होते. “कादर माझ्या दारी काम मागायला आला होता,” एक व्यापारी म्हणाला, “मी त्याला हाकलला.” सगळे चालू लागले. बायकोही त्यांच्यामागे गेली. शेठ दोनदा घसरून एकटाच बाहेर आला.

कुसाबाईने झाडलोट करणाऱ्या मंगलाबाईच्या हाती दिवा दिला. “उद्यापासून तुम्ही धरा. मी येवल्याला चालले.”

“आता कशाला? तुझं काम झालं की.”

“माझं झालं. येवल्यात होते तोवर पुतळाबाईशी मी तीन वर्षं बोलले नाय. तिचा नवरा चोर नव्हता, हे तिला माझ्याच तोंडानं सांगायला पाहिजे. मग ती दारात उभं करो नायतर ना करो.”